शेवटच्या बाकापर्यंत

२०२३ च्या जून महिन्यात आम्ही उभयता मुलीकडे न्यू जर्सीला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत असताना तिच्या स्वयंपाकघरातील टेबलावर एक जाडजूड पुस्तिका पडलेली दिसली. पानोपानी पिवळ्या खुणा, समासात पेन्सिलीने लिहिलेले आकडे. सारा जन्म शाळेत घालवलेल्या माणसाचा हात अशा वस्तूकडे आपोआप जातो. नातवाचा अभ्यास असेल, या समजुतीने मी ती उघडली, तर आत बसगाडीच्या ब्रेकची आकृती!

"हे कुणाचं गं?" मी विचारले.

"माझं," पोळी लाटता लाटता मुलगी म्हणाली. "स्कूल बसच्या ड्रायव्हरची परीक्षा देतेय, पप्पा. फोनवर सांगितलं नाही, कारण तुम्ही काय म्हणाल ते माहीत होतं."

तिला माहीत होते तेच मी म्हणालो. "बी.कॉम. कशासाठी केलं तुला? बस चालवायला?"

"आजोबा तेच करत होते ना?"

"आजोबा मराठी चौथी शिकले होते."

"मग मला सोपंच जायला हवं," ती म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली. सौ.ने माझ्याकडे असे काही पाहिले, की मी उरलेला चहा थंड होईपर्यंत पीत राहिलो.

तिची अडचण मला ठाऊक नव्हती असे नाही. हिशेबनिसाची तिची नोकरी २०२० च्या महामारीत गेली. त्यानंतर जे काम मिळे ते घरी बसून करायचे, त्यातही आज आहे तर उद्या नाही. दोन मुले शाळेत जाणारी. स्कूल बसचे काम सकाळी दोन-तीन तास आणि दुपारी दोन-तीन तास असते, शाळेला सुट्टी तेव्हा चालकालाही सुट्टी. आयांना हे वेळापत्रक मानवते, म्हणून तिकडे या कामात बायका पुष्कळ आहेत. शिवाय महामारीनंतर चालकांचा तुटवडाही पडला होता. २०२१ च्या सप्टेंबरात मॅसॅच्युसेट्स राज्यात तर मुलांना शाळेत पोहोचवण्यासाठी गव्हर्नरांना नॅशनल गार्डचे जवान बोलवावे लागले होते. हे सारे तिने मला समजावून सांगितले. मी मान डोलावली, पण मनातून ते पटले नव्हते. गावी परतल्यावर कोणी विचारले, "मुलगी काय करते?" तर सांगायचे काय, हा माझा प्रश्न होता. असा प्रश्न मला आयुष्यात पूर्वीही एकदा पडला होता. त्याविषयी पुढे सांगतो.

त्या देशात बस किंवा मोठा मालट्रक चालवायचा तर साधा परवाना चालत नाही, 'कमर्शियल ड्रायव्हर लायसन्स' लागते. पूर्वी तसे नव्हते. कित्येक राज्यांत मोटारीच्या परवान्यावर कोणीही अजस्र ट्रक चालवू शकत असे, आणि एका राज्याने परवाना काढून घेतला तर दुसऱ्या राज्याचा खिशात तयार असे. १९८६ मध्ये कायदा झाला, त्याने एका माणसाला एकच परवाना ठेवला आणि साऱ्या देशासाठी परीक्षेची किमान पातळी ठरवून दिली. १ एप्रिल १९९२ पासून तो परवाना सर्वांना सक्तीचा झाला. प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवण्याची परीक्षा नंतरची. तिच्या आधी ज्ञानाची परीक्षा, तीही एक नव्हे. सामान्य ज्ञानाचे ५० प्रश्न, प्रवासी वाहतुकीचे २०, स्कूल बसचे २०, एअर ब्रेकचे २५. प्रत्येकीत शंभरात ऐंशी हवेत. आमच्या शाळेत पस्तीस गुणांवर पेढे वाटले जात, हे मला सहजच आठवले.

मी इंग्रजी आणि भूगोल शिकवत असे. त्यामुळे तिसऱ्या दिवशी मुलीने पुस्तिका माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "राग आला असेल तर असू दे, पण प्रश्न तरी विचारा." तेवढे करायला मी तयार झालो. नातवंडे उठायच्या आत, पहाटे पाच वाजता, आमचा वर्ग भरू लागला. इंग्रजीचा माझा तोरा पहिल्या पहाटेसच उतरला. शेक्सपिअर शिकवलेल्या माणसाला 'स्लॅक अॅडजस्टर' म्हणजे काय ते सांगता येईना. शब्द ओळखीचे, पण जोडीने बसले की परके! प्रश्नांची तऱ्हाही अशी, की चारांपैकी तीन पर्याय शहाण्या माणसाला बरोबरच वाटावेत.

एक प्रश्न असा होता : बसमध्ये एखादा प्रवासी दारू पिऊन दंगा करू लागला तर चालकाने काय करावे? मुलीने झटकन सांगितले, "गाडी थांबवून लगेच उतरवावं." उत्तर चूक निघाले. जेथे उतरवणे त्या माणसाच्याच जिवावर बेतेल, तेथे त्याला उतरवू नये. पुढचा ठरलेला थांबा, किंवा उजेड असलेली, चार माणसांची जागा पाहावी, असे पुस्तिका सांगते. दंगेखोराच्या जिवाचीही जबाबदारी चालकावरच! ते वाचून मी क्षणभर थांबलो. श्रीरामपूरच्या स्टँडवर चहाच्या टपरीच्या कंदिलाखाली एका झिंगलेल्या इसमाला बसवून, "सकाळपर्यंत इथनं हलायचं नाही," असे दरडावणारे दादा मला दिसले.

आम्ही वडिलांना 'दादा' म्हणत असू. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी नगर आणि पुणे यांच्या दरम्यान धावली, हे आमच्या जिल्ह्यातील माणसे अजून अभिमानाने सांगतात. त्यानंतर पाच वर्षांनी दादा एस.टी.त चालक म्हणून लागले. त्याआधी ते साखर कारखान्याच्या ट्रकवर क्लीनर होते. आमच्या वस्तीत खाकी गणवेश आणि महिन्याचा ठरलेला पगार असलेले ते पहिलेच. त्यांच्या परवान्याची परीक्षा म्हणजे साहेबांनी तोंडी विचारलेले तीन प्रश्न आणि हाताने करून दाखवायच्या खुणा. लेखी काही नाही. पुस्तक त्यांनी पाहिलेच नव्हते.

चौथ्या की पाचव्या पहाटे आम्ही रेल्वे फाटकाच्या भागापाशी आलो. बसने रुळांच्या आधी, जवळच्या रुळापासून पंधरा ते पन्नास फुटांच्या आत, थांबायचे. दोन्ही बाजूंना पाहायचे आणि कानोसा घ्यायचा. नीट दिसावे किंवा ऐकू यावे म्हणून गरज वाटल्यास पुढचे दार उघडायचे. मुलगी म्हणाली, "दार कशाला उघडायचं? काच आहे की." मी तिला सांगितले ते पुस्तिकेत नव्हते.

दौंड-मनमाड लोहमार्ग आमच्या तालुक्यातून जातो. त्या काळी खेड्यांच्या रस्त्यांवर फाटक नसलेली क्रॉसिंगे असत. पावसाळा संपता संपता रुळांच्या दोन्ही अंगांना पुरुषभर उंच ऊस उभा राही. गाडी येताना दिसण्याची सोयच नाही, ती ऐकावी लागे. दादा रुळांच्या अलीकडे बस उभी करीत, इंजिन बंद करीत आणि आपल्या बाजूचे दार उघडून फूटबोर्डवर उभे राहत. कानामागे तळहात. कंडक्टर खाली उतरून रुळांवर जाई, दोन्हीकडे पाही आणि हात हलवी. मगच बस पुढे. उन्हात तापलेल्या बसमध्ये माणसे कावत. "ड्रायव्हर, आज पोहोचायचंय!" असे मागून कोणीतरी ओरडे. दादा उत्तर देत नसत. दहा वर्षांचा मी पुढच्या सीटवर बसलेला असे आणि मला लाज वाटे, की आपल्या वडिलांना लोक बोलतात. एकदा मी त्यांना विचारलेही, "इंजिन कशाला बंद करता? परत चालू व्हायला वेळ लागतो." ते म्हणाले, "आपल्याच आवाजात दुसऱ्याचा आवाज ऐकू येत नाय."

१९३८ च्या डिसेंबरात अमेरिकेतील युटा राज्यात बर्फाच्या वादळात एका स्कूल बसला आगगाडीने धडक दिली आणि वीसहून अधिक विद्यार्थी गेले. थांबून, दार उघडून कानोसा घेण्याच्या नियमाने तिकडे मूळ धरले, त्यामागे हा अपघात आहे. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातही १३१ वे कलम आहे. राखणदार नसलेल्या फाटकाशी गाडी थांबवावी, कंडक्टरने पुढे जाऊन मार्ग मोकळा असल्याची खात्री करावी, आणि कंडक्टर नसेल तर चालकाने स्वतः उतरावे, असे ते सांगते. ब्रॉडगेजवरची तसली फाटके आपल्याकडे २०१९ च्या आरंभापर्यंत संपली. दादा १९८४ मध्ये निवृत्त झाले होते.

त्या पहाटेनंतर माझा प्रश्न विचारण्याचा सूर बदलला असावा, कारण सौ. एकदा म्हणाली, "परीक्षा पोरीची आहे की तुमची?"

खरोखरच मला त्या पुस्तिकेची गोडी लागली. पंचावन्न मैलांच्या वेगाने जाणारी अवजड गाडी थांबायला किती अंतर घेते? कोरड्या, चांगल्या रस्त्यावर, चांगले ब्रेक असताना ४१९ फूट. त्यातले १४२ फूट नुसते डोळ्यांनी पाहिलेले मेंदूला कळेपर्यंत जातात, ६१ फूट पाय ब्रेकवर पडेपर्यंत. ब्रेक लागल्यानंतरचे २१६ फूट. ४१९ फूट म्हणजे कबड्डीची जवळजवळ दहा मैदाने! मी हे गणित कागदावर मांडले आणि जन्मभर ज्या बसमध्ये निर्धास्त झोपून प्रवास केला, तिच्या पुढच्या काचेपलीकडे काय चालले होते, याची मला बहात्तराव्या वर्षी कल्पना आली. पुढच्या वाहनापासून किती दूर राहावे, याचेही सूत्र आहे. गाडीच्या लांबीच्या दर दहा फुटांस एक सेकंद, आणि वेग चाळीस मैलांच्या वर असेल तर आणखी एक. चाळीस फुटी बस मोठ्या रस्त्यावर असेल तर पाच सेकंद. रविवारी जावई आम्हाला फिरायला नेत, तेव्हा मागे बसून मी मोठ्याने सेकंद मोजू लागलो. त्यांनी ते किती सौजन्याने सहन केले, हे मी येथे कृतज्ञतेने नमूद करतो.

मात्र त्या पुस्तिकेशी दादांचा मेळ सगळीकडे बसत होता, असे मी म्हटले तर ते खरे होणार नाही. प्रवाशांनी कोठवर उभे राहावे, हे दाखवणारी दोन इंच रुंदीची रेषा बसच्या तळावर हवी, आणि चालकाच्या सीटच्या पुढे कोणी उभे राहता कामा नये, असा नियम आहे. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरात ज्यांनी एस.टी.ने प्रवास केला आहे, त्यांना त्या रेषेवर किती जणांचे पाय पडतील, ते सांगायला नको. दादांच्या गिअरच्या दांड्याला टेकून म्हाताऱ्या उभ्या असत. गिअर टाकायचा झाला की "मावशे, सरक" असे म्हणावे लागे. त्या प्रश्नावर दादा नापास झाले असते.

आणखी एका ठिकाणी मला गंमत वाटली. दादा नगर-कल्याण गाडी घेऊन माळशेज घाटातून जात असत. "ज्या गिअरनं घाट चढायचा त्याच गिअरनं उतरायचा," हे त्यांचे वाक्य आमच्या घरात म्हणीसारखे रुळले होते. पुस्तिकेत ते वाक्य जसेच्या तसे निघाले! मी हर्षाने मुलीला हाक मारली. पण तिने पुढच्या ओळी वाचून दाखवल्या. हा नियम जुन्या गाड्यांचा. नव्या गाड्यांची इंजिने ताकदवान, घर्षण कमी, हवेचा अडथळाही कमी. त्या वरच्या गिअरमध्ये सहज चढतात, पण उतरताना त्यांना धरून ठेवणारे काही नसते. म्हणून चढताना होता त्याहूनही खालचा गिअर उतरताना लागू शकतो, आणि तो उतार सुरू होण्याच्या आधीच टाकायचा. नुसत्या ब्रेकवर विसंबले तर ब्रेक तापून निकामी होतात. दादा असते तर त्यांनी यावर थोडा विचार करून मान हलवली असती, असे मला वाटते. यंत्राशी ते कधी हुज्जत घालत नसत.

आता ती पूर्वीची गोष्ट.

१९६८ मध्ये मी मॅट्रिक होऊन नगरला कॉलेजात प्रवेश घेतला. अर्जात एक रकाना होता : वडिलांचा व्यवसाय. माझ्यापुढे रांगेत उभी असलेली मुले वकिलांची, डॉक्टरांची, बागाईतदारांची होती. मी त्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिले, 'शासकीय सेवा'. तसे ते धडधडीत खोटे नव्हते, आणि खरेही नव्हते. पण अर्जावर पालकाची सही लागत होती, हे लिहिताना माझ्या लक्षात आले नाही. रविवारी अर्ज घेऊन घरी आलो. दादा रात्रीची फेरी करून आले होते. त्यांनी हात धुतले, चष्मा लावला आणि अक्षरावर बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागले, जशी ते पगाराची पावती वाचत. त्या रकान्यापाशी बोट थांबले. मी जमिनीकडे पाहत होतो. थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतले आणि सही केली. म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तुझं."

त्यानंतर १९९१ मध्ये ते वारले, तोपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मीही नाही.

ही गोष्ट मी सौ.लाही सांगितली नव्हती. मुलीला ती सांगितली, त्याला कारण तिचा अर्ज. परवान्याच्या परीक्षेचा अर्ज भरताना तिने सहज विचारले, "पप्पा, आजोबांचा बिल्ला जपून ठेवलाय का हो तुम्ही?" बिल्ला आमच्याकडे नाही. तो कोठे गेला, हे मी कधी विचारलेही नव्हते. त्या रात्री तिला सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले, मला बरे वाटेल असे काही म्हटले नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "उद्या पाचला एअर ब्रेक."

परीक्षेच्या दिवशी ती दुपारी परत आली. सामान्य ज्ञानात पन्नासपैकी ४४, प्रवासी वाहतुकीत वीसपैकी १८, स्कूल बसमध्ये १९. एअर ब्रेकमध्ये पंचवीसपैकी १७. वीस हवे होते. ती ज्या बस चालवणार होती त्यांना हवेचेच ब्रेक असल्यामुळे तेवढी एक परीक्षा सोडून चालण्यासारखे नव्हते. चेहरा पडला होता. "माझ्यानं होणार नाही, पप्पा," ती म्हणाली. दीड महिन्यापूर्वी हेच वाक्य ऐकून मला हायसे वाटले असते.

तिची चूक पाठांतराची होती, ती मला शिक्षक म्हणून ओळखता आली. दाब किती असताना कम्प्रेसर थांबतो, किती उतरल्यावर धोक्याची सूचना वाजते, हे आकडे तिला तोंडपाठ होते. पण मूळ गोष्ट कळली नव्हती. हवेच्या दाबाने ब्रेक लागतो, तर मग हवा निघून गेल्यावर गाडी सैल सुटायला हवी. उलट पुस्तिका म्हणते, की दाब वीस ते पंचेचाळीस पौंडांपर्यंत खाली आला की पार्किंगचे ब्रेक आपोआप लागतात. हे कसे? मलाही दोन दिवस उलगडेना. तिसऱ्या दिवशी तिच्या घराच्या जाळीच्या दारातून कचऱ्याची पिशवी बाहेर नेत होतो. त्या दाराला स्प्रिंग आहे. हाताने लोटून धरले तर उघडे राहते, हात काढला की धाडकन मिटते. पिशवी तेथेच टाकून मी तिला हाक मारली. "हे बघ. दार मिटणं म्हणजे ब्रेक लागणं. ते काम स्प्रिंगचं. हवा म्हणजे दार उघडं धरणारा हात. हात दमला, सुटला, की दार आपलं आपण मिटणार." ती दारापाशी उभी राहून तीन-चार वेळा दार उघडत आणि सोडत राहिली. मग तिने विचारले, "म्हणजे रोजच्या ब्रेकला हवा लावायला लागते आणि पार्किंगच्या ब्रेकला ती काढायला लागते?" मी म्हटले, "शाबास!" नातू म्हणाला, "आजोबा, कचरा सांडलाय."

दुसऱ्या खेपेस तिला चोवीस गुण मिळाले. शिकाऊ परवाना हाती आला. त्यानंतर किमान चौदा दिवस गेल्याशिवाय चालवण्याची परीक्षा देता येत नाही, आणि २०२२ च्या फेब्रुवारीपासून त्याआधी ठरावीक प्रशिक्षणही घ्यावे लागते. आमचे परतीचे तिकीट त्याआधीचे होते. तिला ती पिवळी बस चालवताना मी पाहिले नाही, पुढे फोटो तेवढा आला.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ती स्कूल बसचा भाग पुन्हा वाचत होती. तो भाग मला सर्वांत कठीण वाटला, आणि त्यात यंत्राचे जवळजवळ काहीच नाही. बसच्या पुढचे दहा फूट हे सर्वांत घातक. तेथे मूल उभे असले तरी उंच सीटवरून दिसत नाही. आणि हातातला कागद पडला म्हणून ते वाकले, तर मुळीच नाही. म्हणून उतरलेली मुले मोजायची. एक जरी हिशेबात लागत नसेल तर बस पक्की उभी करायची, किल्ली काढून घ्यायची, खाली उतरायचे आणि बसच्या भोवती व खाली पाहायचे. फेरी संपली की चालकाने शेवटच्या बाकापर्यंत चालत जायचे, झोपलेले मूल, विसरलेले दप्तर पाहायचे. संकटकाळी बस कशी रिकामी करावी, यावरही पानेच्या पाने आहेत. १९८८ च्या मे महिन्यात केंटकी राज्यात एका चर्चची मुले सहलीहून परत येत होती. दारू प्यालेल्या एका माणसाने उलट दिशेने ट्रक आणून त्यांच्या बसवर आदळला. बस पेटली आणि सत्तावीस जण गेले. आपल्या धर्मग्रामातून दरवर्षी सहली, यात्रा निघतात. बसमध्ये चढल्यावर संकटकाळचे दार कोठे आहे, हे आपण कधी पाहतो का? मी तरी कधी पाहिले नव्हते.

शेवटच्या बाकाचे वाचल्यावर मी तिला हरेगावची रात्र सांगितली. यात्रेची शेवटची फेरी. मी आणि आई त्याच गाडीत होतो. श्रीरामपूरच्या स्टँडवर सारे उतरले, आम्हीही उतरलो, कंडक्टर पेटी घेऊन हिशेबाला गेला. दादा मात्र तीन सेलची बॅटरी घेऊन बसमध्ये परत चढले. ते रोजच तसे करीत. आईने कंटाळून म्हटले, "आता काय राह्यलं?" आम्हाला बाहेरून काचांमागे तो उजेड मागे मागे सरकताना दिसत होता. शेवटच्या बाकापाशी तो खाली गेला आणि बराच वेळ वर आला नाही. मग दादा एक पाच-सहा वर्षांचे पोर खांद्यावर टाकून उतरले. बाकाखाली गाठोड्यांच्या जागी ते झोपले होते. घरच्यांना वाटले होते, की ते आत्याबरोबर आहे आणि आत्याला वाटले आईबरोबर. त्यांचा शोध लागेपर्यंत दादा पोराला घेऊन स्टँडवर बसून राहिले. मला झोप येत होती आणि घरी जायला उशीर होत होता, म्हणून मी रडलो होतो. एवढेच मला त्या रात्रीचे माझ्याविषयी आठवते.

मुलगी काही बोलली नाही. बैठकीच्या खोलीत नातवंडांनी जेवणाच्या खुर्च्या एकामागे एक मांडल्या होत्या. महिनाभर चाललेला अभ्यास पाहून त्यांचाही खेळ तोच झाला होता. मोठी नात चालक, सौ. प्रवासी, बाहुल्या आणि अस्वल हे विद्यार्थी. "शाळा आली, सगळे उतरा," नातीने जाहीर केले. सौ. उतरली, अस्वल उतरले. नात खुर्चीवरून उडी मारून पळणार, तोच तिची आई म्हणाली, "थांब. मागे जाऊन बघ आधी."

नात तोंड वाकडे करून मागे गेली. शेवटच्या खुर्चीखाली धाकटा नातू पाय पोटाशी घेऊन, डोळे गच्च मिटून पडला होता.

"आजोबा, हा झोपलाय," ती ओरडली.

मी उठलो आणि त्याला उचलून घ्यायला गेलो.